सत्र सुरू झाल्यावर विषय बदलताय? या चुका टाळा

जुलैचा पाऊस, ओल्या छत्र्या आणि कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीसमोर रांग. दर वर्षी त्या रांगेत एकच प्रश्न असतो: "सर, विषय बदलून मिळेल?" मुदतीत गेलात तर बऱ्याचदा मिळतो. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षा विभागासमोर जी मुले रडकुंडीला आलेली दिसतात, त्यांतल्या अनेकांना विषय बदलायला कोणी नकार दिलेला नसतो. त्यांनी तो अर्धाच बदललेला असतो.

गोव्यात २०२३-२४ पासून पदवीला नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आली. मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम म्हणजे मायनर, बहुविद्याशाखीय म्हणजे एमडीसी, कौशल्याचा एसईसी, भाषेचा एईसी, मूल्यवर्धित व्हीएसी. आधी बी.ए., बी.कॉम.ला बांधून दिलेले गट असत, बदलण्यासारखे फारसे काही नसे. आता निवड वाढली आणि तिच्याबरोबर चुकायच्या जागाही वाढल्या.

तोंडी होकारावर विसंबणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नव्या विषयाचे सर म्हणतात, "बस वर्गात, काही हरकत नाही." मुलगा बसतो, वही लिहितो, आयएसए म्हणजे सत्रांतर्गत चाचणीसुद्धा देतो. पण ऑफिसच्या यादीत त्याचे नाव जुन्याच विषयात असते. जुन्या वर्गात रोज गैरहजेरी लागते आणि नव्या वर्गाच्या हजेरीपटावर त्याचे नाव शेवटी पेन्सिलीने लिहिलेले राहते. सत्राच्या अखेरीस हॉल तिकीट निघते ते जुन्या विषयाचे. सरांचा काही दोष नसतो. त्यांनी बसायला परवानगी दिली, नोंद बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हताच.

म्हणून अर्ज लेखीच द्या, आणि एकाच कागदावर एवढे सगळे असू द्या: नाव, वर्ग, रोल नंबर, सोडायच्या विषयाचा कोड, नाव, प्रकार आणि क्रेडिट (म्हणजे विषयाचा भारांक), घ्यायच्या विषयाचेही तसेच चारही तपशील, एका वाक्यात कारण आणि तारीख. खाली दोन्ही विषयांच्या शिक्षकांच्या सह्या. सोडायच्या विषयाच्या मॅडमची सही बहुतेक जण विसरतात. ती नसेल तर जुन्या यादीतून नाव काढायला कोणी सांगत नाही आणि तुम्ही दोन्हीकडे राहता. त्यानंतर विभागप्रमुख, मग प्राचार्य किंवा उपप्राचार्य.

अर्ज ऑफिसात देताना झेरॉक्स सोबत न्या आणि त्यावर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. क्लार्क म्हणेल, "ठेव इथे, होईल." ठेवा, पण शिक्का घेऊनच खिडकी सोडा. आठ दिवसांनी पोर्टलवर आपली विषययादी उघडून कोड बदलला का ते पाहा. बदलला असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. नसेल तर आवक क्रमांक दाखवून विचारता येते, "अर्ज दिला होता" एवढ्यावर काही हलत नाही.

"चवथीनंतर बघू"

बदलाची खिडकी साधारण एक ते दोन आठवड्यांची असते आणि ती वर्ग सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. चवथीशी, म्हणजे गणेश चतुर्थीशी, तिचा काही संबंध नाही. चवथ २०२५ साली २७ ऑगस्टला होती, २०२६ साली १४ सप्टेंबरला आहे. दोन्ही वर्षी तोवर मुदत केव्हाच संपलेली. घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून परत येईपर्यंत याद्या विद्यापीठाकडे गेलेल्या असतात, आणि एकदा त्या गेल्या की प्राचार्यांच्या हातातही फारसे उरत नाही.

मुदतीची नोटीस बोर्डावर लागते, वेबसाइटवर येते, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. ग्रुपवरची तारीख प्रमाण मानू नका. दुसऱ्या कॉलेजची किंवा मागच्या वर्षाची नोटीस बिनदिक्कत पुढे पाठवलेली असते.

क्रेडिटचा मेळ न घालणे

पहिल्या सत्राची साधारण मांडणी अशी: मेजर ४, मायनर ४, एमडीसी ३, एईसी २, एसईसी ३ आणि व्हीएसीचे दोन विषय मिळून ४. एकूण २०. या प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र हिशेब असतो. तीन क्रेडिटचा एमडीसी सोडून दोन क्रेडिटचा व्हीएसी घेतला तर बेरीज १९ होते, हे लगेच दिसते. तीन क्रेडिटचा एमडीसी सोडून तीन क्रेडिटचा एसईसी घेतला तर बेरीज २०च राहते आणि सगळे ठीक वाटते. इथेच फसगत होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० क्रेडिट लागतात, पण त्यांत एमडीसीचे ९, एसईसीचे ९ आणि एईसीचे ८ वेगवेगळे पूर्ण व्हावे लागतात. एसईसीचे १२ झाले म्हणून एमडीसीच्या ६ची भरपाई होत नाही. तिसऱ्या वर्षाला मार्कशीट जुळवताना हे उघडकीला येते आणि तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून तो एक विषय करावा लागतो.

तेव्हा बदल करताना प्रकाराला प्रकार आणि क्रेडिटला क्रेडिट जुळवा. मुले विषयाचे नाव मात्र सगळ्यांत आधी बघतात.

एमडीसी निवडताना आणखी एक अट आहे. बारावीला जो विषय शिकून झाला तो या प्रकारात पुन्हा घेता येत नाही. अकाउंट्स केलेल्याला सोपा जाईल म्हणून पायाभूत लेखाकर्माचा एमडीसी घ्यायचा मोह होतो, आणि छाननीत तो बाद होतो. बाद होईपर्यंत मुदत गेलेली असते.

कोडमधला आकडाही वाचा. यूजीसीच्या पद्धतीत १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मधली पातळी, ३०० ते ३९९ वरची. रिकामी जागा दिसली म्हणून वरच्या पातळीचा विषय घेतला आणि त्याआधीचा विषय झालेला नसेल, तर अर्ज परत येतो. नाही आला तर ते जास्त वाईट.

हजेरीचे गणित

बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते. उशिरा आलेल्याला वाटते, आपली हजेरी आल्या दिवसापासून धरतील. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी सत्राच्या पहिल्या दिवसापासून. हे अर्जाच्या वेळीच विचारा आणि उत्तर अर्जावरच लिहून घ्या.

पहिल्या दिवसापासून धरली तर काय होते ते पाहू. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. चार क्रेडिटच्या विषयाला ६० तास, त्यांतले ४५ हवेत, म्हणजे १५ चुकले तरी चालते. आठवड्याला चार तास धरले तर दोन आठवडे उशिरा येणाऱ्याचे ८ आधीच गेले, हातात ७ राहिले. तीन क्रेडिटचा विषय असेल तर ४५ तासांपैकी ३४ हवेत. ११ची सूट, त्यांतले ६ गेले, राहिले ५.

प्रात्यक्षिकात याहून अडचण. तिथे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, दोन-दोन तासांची १५ सत्रे. ७५ टक्के म्हणजे १२ सत्रे, चुकवता येतात फक्त ३. दोन आठवडे गेले की शिल्लक १. एक दिवस ताप आला, पेडण्याहून येणारी बस पावसात अडकली, की संपले. त्यातून आपल्या बॅचचे लॅब चवथीच्या सुट्टीत येत असेल तर ते बदली दिवशी घेतात आणि तो दिवस तुमच्या दुसऱ्या विषयाच्या तासावर येऊ शकतो. म्हणून प्रात्यक्षिक असलेला विषय बदलायचा तर पहिल्याच आठवड्यात बदला. दुसऱ्या आठवड्यात विचार करत बसायचे असेल तर निदान त्या लॅबला जाऊन बसा आणि सरांकडे नाव लिहून द्या.

वेळापत्रकही दोन्ही विषयांचे शेजारी ठेवून पाहा. मायनर दुसऱ्या विभागाचे असते, तास आदळतात. एखादा लॅब संध्याकाळी पाचला सुटतो आणि वाळपई किंवा काणकोणला जाणारी सोयीची कदंबा बस तोवर गेलेली असते. अर्जात लिहिण्यासारखे हे कारण नाही, पण सत्रभर भोगायचे तुम्हालाच आहे.

मेजर बदलण्याची घाई

मेजर बदल सत्राच्या मध्येच होत नाही. आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे दुसरे सत्र संपल्यावर, त्याच व्यापक विद्याशाखेत मेजर बदलता येते. त्यासाठी मंजूर जागांपेक्षा १० टक्के जास्त जागा संस्था निर्माण करू शकते, आणि प्राधान्य मिळते ते सीजीपीए (एकूण सरासरी ग्रेड) चांगला असलेल्या व एकही विषय न राहिलेल्या विद्यार्थ्याला. नावडत्या मेजरचे तास चुकवून त्यात नापास होणारा विद्यार्थी सुटकेचा तोच मार्ग स्वतः बंद करतो. नको असलेला विषयही दोन सत्रे नीट पास करा.

स्वयमचा विषय बदली म्हणून घेणे

कॉलेजात जागा नाही म्हणून स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा विषय घेता येतो, पण कॉलेजची लेखी मान्यता आधी हवी. नंतर प्रमाणपत्र नेऊन दाखवले तर क्रेडिट मिळेलच असे नाही. त्यावरच्या एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) १२ आठवड्यांचा विषय ३ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २ क्रेडिटचा धरतात. चार क्रेडिटच्या जागी १२ आठवड्यांचा विषय बसत नाही, हे नोंदणीनंतर कळते. दुसरे, विषयाला नाव घालणे वेगळे आणि परीक्षेची नोंदणी वेगळी. दुसरीला फी आणि स्वतंत्र मुदत असते, ती चुकली तर सगळे व्हिडिओ पाहूनही हाती काही लागत नाही. तिसरे, एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगळे गुण लागतात. परीक्षेत साठ मिळवून असाइनमेंटमध्ये आठवर राहिलेला नापासच.

न जाणे म्हणजे सोडणे नव्हे

तासाला गेलो नाही म्हणजे विषय आपोआप सुटला, ही समजूत दर वर्षी कुणाला ना कुणाला भोवते. नोंदीत विषय चालूच असतो. मार्कशीटवर गैरहजर किंवा नापास उमटते आणि पुढे एटीकेटीच्या (राहिलेले विषय घेऊन वरच्या वर्गात जाण्याच्या सवलतीच्या) मोजणीत तो विषय धरला जातो. बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पससारख्या संस्थांत मुदतीत रीतसर सोडलेल्या विषयासमोर 'डब्ल्यू' असा वेगळा शेरा येतो, आणि तो न सोडता राहून गेलेल्या विषयाच्या शेऱ्यापेक्षा केव्हाही बरा. गोवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत मात्र बदली विषय न घेता नुसता सोडणे सहसा होत नाही, कारण २० क्रेडिटचा मेळ बिघडतो.

फी

एक विषय सोडल्याबद्दल पैसे परत मिळतील असे धरून चालू नका. यूजीसीच्या २०१८च्या अधिसूचनेतले परताव्याचे टप्पे पूर्ण प्रवेश रद्द करणाऱ्यांसाठी आहेत: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी अर्ज दिला तर १०० टक्के, १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना ९०, त्या तारखेनंतर १५ दिवसांत ८०, पुढच्या १५ दिवसांत ५०, आणि ३० दिवस उलटल्यावर शून्य. दिवस मोजतात ते जाहीर शेवटच्या तारखेपासून, तुम्ही फी भरली त्या दिवसापासून नव्हे. दर वर्षी वेगळे परिपत्रकही येऊ शकते, तेही पाहून घ्या. लॅब असलेला विषय घेतलात तर फीचा फरक लगेच भरून पावती अर्जाच्या झेरॉक्सला जोडा. थकलेल्या फरकामुळे परीक्षेचा फॉर्म अडतो.

हॉल तिकिटावर जुनाच विषय आला तर

परीक्षेच्या फॉर्मवर विषय छापून येतात, तेव्हाच ही चूक दिसते. फॉर्म न वाचता सही करू नका. चूक दिसली तर त्याच दिवशी शिक्क्याची झेरॉक्स, नव्या विषयाच्या आयएसएचे गुण आणि हजेरी याबद्दल शिक्षकांची सहीची चिठ्ठी, पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि फीची पावती घेऊन आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. थेट ताळगावच्या विद्यापीठात धाव घेऊ नका. तिथे पहिला प्रश्न कॉलेजच्या पत्राचाच असतो आणि अर्धा दिवस वाया जातो. कॉलेजचे दुरुस्तीपत्र घ्या, त्यात दोन्ही कोड आहेत का ते तिथेच उभे राहून वाचा.

हॉल तिकीट हातात पडल्यावर चूक कळली तरी हेच करायचे, फक्त दुरुस्तीपत्राबरोबर सुधारित हॉल तिकीटही मागायचे. जुन्या तिकिटावर पेनाने खोडून वर नवा कोड लिहून दिला, तर त्याखाली सही आणि शिक्का असल्याशिवाय ते घेऊ नका. निकालानंतर डिजिलॉकरमधून आपल्या एबीसी खात्यात (क्रेडिट जमा होणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये) नव्या कोडचे क्रेडिट जमा झाले का तेही पाहा. आधारवरचे आणि बारावीच्या मार्कशीटवरचे नाव एका अक्षराने जरी वेगळे असले, तरी तिथे अडकू शकते.