घर पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचंय? आधी नियम असे तपासा

फोटो काढले, दर ठरवला, नव्या चादरी आणल्या आणि मग कुणीतरी विचारलं, "परवानगी घेतलीत का?" बहुतेकांचा क्रम असाच असतो. तो उलटा करा. नियमात घर बसतच नसेल तर बाकीचा खर्च पाण्यात जातो.

सुरुवात सरकारी संकेतस्थळापासून नको, कपाटातल्या फायलीपासून करा. घर भाड्याचं असेल तर करारात पोटभाडेकरू ठेवण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. फ्लॅट असेल तर इमारतीचे उपविधी काढा, कारण पालिकेने होकार दिला तरी इमारत नाही म्हणू शकते. स्पेनमध्ये ३ एप्रिल २०२५ पासून अपार्टमेंटच्या इमारतीत नव्याने पर्यटक ठेवायचे तर मालकांच्या तीन-पंचमांश बहुमताची संमती लागते. गृहकर्जाच्या अटी आणि विम्याची पॉलिसीही याच बैठकीत पाहून घ्या. घराचा साधा विमा पैसे देणाऱ्या पाहुण्यांमुळे झालेलं नुकसान बहुधा धरत नाही.

दुसरी पायरी व्याख्येची. तुमच्या शहराचा कायदा 'अल्पमुदतीचं भाडं' कशाला म्हणतो? न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम त्यात येतो. सिंगापूरमध्ये खासगी घर सलग तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी देताच येत नाही. म्हणजे "आम्ही तर अख्खा महिना देतो" हा युक्तिवाद एका शहरात चालेल, दुसऱ्यात नाही.

आता खरी मेख: पाहुणे असताना तुम्ही कुठे असता, आणि ते घर तुमचं राहतं घर आहे का? बहुतेक शहरांचे नियम या दोन प्रश्नांभोवती फिरतात, कारण पालिकांना खरी काळजी असते ती राहती घरं हॉटेलं होऊन बसण्याची. न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीच्या कायद्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. तिथे अल्पमुदतीच्या मुक्कामात यजमानाने त्याच घरात राहायचं, पैसे देणारे पाहुणे दोनच ठेवायचे आणि त्यांना सगळ्या घरात वावरता आलं पाहिजे. आतल्या खोलीला कुलूप लावून ती वेगळी ठेवायची सोय नाही. पॅरिसमध्ये राहतं घर म्हणजे वर्षातले किमान आठ महिने तुम्ही जिथे राहता ते. तेवढंच घर अशा तऱ्हेने देणं सोपं. दुसऱ्या घरासाठी नियम फार जड आहेत. तेव्हा अर्ज करण्याआधी आपण कुठल्या खणात बसतो ते प्रामाणिकपणे ठरवा. मावशीच्या नावावरचा रिकामा फ्लॅट 'राहतं घर' म्हणून दाखवायचा मोह होतो, पण पत्त्याचे पुरावे मागितले की तो डाव उघडा पडतो.

राहतं घर असलं तरी रात्रींची मर्यादा असू शकते. लंडनमध्ये वेगळी परवानगी न घेता वर्षाला ९० रात्री, पॅरिसमध्ये २०२५ पासून ९० (आधी १२०), जपानमध्ये जून २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे १८० दिवस. ॲम्स्टरडॅमने २०१९ मध्ये ६० ची मर्यादा थेट ३० वर आणली. वर्ष कधी सुरू होतं तेही बघा: लंडनमध्ये ते जानेवारीपासून, जपानमध्ये १ एप्रिलच्या दुपारी बारापासून. दोन ॲपवर घर टाकलंत तर प्रत्येक ॲप फार तर आपल्याच रात्री मोजेल. बेरीज तुमची तुम्हीच करायची, म्हणून एक साधी वही ठेवा.

हे जुळलं की नोंदणी. क्रमांक मिळाला की तो जाहिरातीत दिसेल असा टाका. अनेक शहरांत क्रमांकाविना जाहिरात हाच गुन्हा आहे. "एवढ्या घरांत आपलं कोण बघतंय" या भरवशावर राहू नका. युरोपीय संघाच्या २० मे २०२६ पासून लागू होणाऱ्या नियमानुसार बुकिंगच्या कंपन्यांनीच मुक्कामांची माहिती सरकारी यंत्रणेला ठरावीक काळाने द्यायची आहे.

बाकीची यादी भराभर: धुराचा अलार्म, अग्निशामक, बाहेर पडण्याचा रस्ता, पाहुण्यांची नोंदवही, पर्यटन कर. कर कंपनी कापून परस्पर भरते की तुम्हाला भरायचाय, हे आधीच विचारा. आणि शेजाऱ्यांना रात्री लागणारा एक चालू फोन नंबर देऊन ठेवा. पालिकेकडे जाणाऱ्या तक्रारी बहुधा कचरा, पार्किंग आणि मध्यरात्रीचा आवाज यांच्याच असतात.

शंका उरली तर पालिकेच्या नियोजन विभागाला पत्ता देऊन लेखी विचारा: या भागात असा वापर चालतो का, नवे परवाने सध्या देताय का, मुदत किती? फोनवर कुणी "चालतं हो" म्हटलं, तर ते पुढे सिद्ध करता येत नाही.

परवाना हातात आला तरी तो कायमचा नसतो. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की पर्यटक-फ्लॅटचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवायचे नाहीत. चालता धंदा बघून असं घर विकत घेणार असाल, तर परवाना घराबरोबर येतो की विकणाऱ्याच्या नावावर असल्याने त्याच्याबरोबरच संपतो, हे बयाणा देण्याआधी विचारा.