पराशेतलं एक वचन आठवडाभर कसं पाळावं

तोराह या ज्यू धर्मग्रंथाची पाच पुस्तकं वर्षभरात वाचून व्हावीत म्हणून तिचे ५४ भाग पाडले आहेत. त्यातला एकेक भाग म्हणजे पराशा. दर शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, शनिवार) सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, एक पराशा वाचतात, काही आठवड्यांत दोन जोडून वाचतात. सिम्हाथ तोराहला, म्हणजे हे वाचन पूर्ण होण्याच्या सणाला, 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाचं शेवटचं वचन झालं की लगेच 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचं पहिलं वचन सुरू होतं. वाचन असं अखंड चालू राहतं. अडतं ते पुढे. शनिवारी कानावर पडलेलं मंगळवारी घरात, दुकानात, व्यवहारात कुठे उतरतं?

माझं यावर ठाम मत आहे. पराशेतून थोर संदेश काढायच्या मागे लागू नये. एक वचन उचलावं आणि ते आपल्या हाताला कोणतं काम सांगतं ते पाहावं. ज्यू जीवन मोठ्या विचारांपेक्षा अशा कामांवर जास्त उभं आहे. उदाहरणादाखल 'कि तेत्से' ही पराशा घेऊ (अनुवाद २१:१० ते २५:१९). ती एलुल या हिब्रू महिन्यात, रोश हशानाच्या (ज्यू नववर्षाच्या) आधीच्या तिसऱ्या शब्बाथला येते. तोराहतल्या एकूण ६१३ आज्ञांपैकी ७४ या एकाच पराशेत मोजल्या जातात, त्यामुळे शिकायला यापेक्षा सोपी जागा नाही.

आधी पराशा नक्की करा

हिब्रू पंचांगात किंवा हेबकॅल या पंचांगाच्या वेबसाइटवर त्या शनिवारची पराशा मिळते. तिथे 'इस्राएल' की 'इस्राएलबाहेर' हे बरोबर निवडा. भारतात पेसाहचा सण आठ दिवसांचा आणि शाबुओथचा दोन दिवसांचा, इस्राएलमध्ये दोन्ही एकेका दिवसाने कमी. हा जादाचा दिवस शनिवारी आला की पुढचे काही आठवडे तिकडचं वाचन एक पराशा पुढे असतं. अर्धं कुटुंब ठाण्यात आणि अर्धं इस्राएलमधल्या अश्दोदला असलेल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत फोनवर पराशेचं बोलणं निघालं की यावरून गोंधळ होतो. एलुलपर्यंत दोन्हीकडची वाचनं पुन्हा जुळलेली असतात.

रोज थोडं वाचा

शनिवारी पराशा सात भागांत वाचली जाते आणि प्रत्येक भागाला एकेकाला वर बोलावतात. तीच विभागणी घरी वापरा. रविवारी पहिला भाग, सोमवारी दुसरा, असं करत शब्बाथपर्यंत सातही होतात. तालमूद हा रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा ग्रंथ; त्याच्या बेराखोथ या भागात आठव्या पानावर सांगितलंय की मूळ पाठ दोनदा आणि अरामी भाषांतर एकदा, असं मंडळीच्या बरोबरीने दर आठवड्याला वाचावं. इतकं जमत नसेल तर हिब्रू एकदा आणि मराठी एकदा वाचा, पण मोठ्याने वाचा. नुसती नजर फिरवली की नेमकं कामाचं वचन निसटतं.

मराठी पवित्र शास्त्र वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. अनुवादाच्या २३व्या अध्यायात हिब्रू आणि मराठी वचनांचे आकडे एकाने पुढेमागे आहेत.

वचन निवडा आणि त्याच्याशी थांबा

निवडताना क्रियापद पाहा. 'बांध', 'परत कर', 'दे', 'ठेवू नकोस' असं स्पष्ट सांगणारं वचन घ्या. कि तेत्सेत तशी पुष्कळ आहेत. धंदा असेल तर २५:१३ घ्या, पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन वजनं ठेवू नकोस. कोकणात ज्या बेने इस्राएलांना शनवार तेली म्हणत, ज्यांचं पोट घाण्याच्या तेलावर आणि मापावर चालायचं, त्यांच्या वंशजांना हे वचन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपण २२:८ घेऊ. नवीन घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी तिथून पडलं तर तुझ्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही.

पहिल्यांदा वाचताना ही महापालिकेची सूचना वाटते. म्हणून लगेच राशी नावाच्या विद्वानाकडे जा. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी होऊन गेलेल्या या भाष्यकाराची टीका छापील हुमाशमध्ये (तोराहच्या पुस्तकात) मजकुराजवळच असते. इथे 'पडणारा पडला तर' अशी रचना आहे, आणि त्यावर राशी म्हणतो, पडणं त्याच्या नशिबात असेलही, तरी त्याचं मरण तुझ्या हातून होऊ नये. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. नशीब, प्राक्तन, देवाची इच्छा ही सगळी आपली नेहमीची उत्तरं आहेत. त्यातलं एकही उत्तर कठडा न बांधणाऱ्या घरमालकाला उपयोगी पडत नाही.

मग पुढच्या विद्वानांनी त्यातून काय घडवलं ते पाहा. तालमूदच्या बाबा कामा या भागात १५व्या पानावर रब्बी नाथान याच वचनाच्या आधाराने सांगतात की घरात चावरं कुत्रं पाळू नये आणि डुगडुगणारी शिडी ठेवू नये. बाराव्या शतकात रामबाम या धर्मशास्त्रकाराने नियम पक्के केले. कठडा निदान दहा मुठी उंच हवा, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर किंवा थोडा जास्त. कोणी रेलून उभं राहिलं तरी पडणार नाही इतका तो भक्कम हवा. जिवाला धोका असलेली प्रत्येक गोष्ट दूर करणं ही त्याच्या मते आज्ञाच आहे, उघडी विहीरसुद्धा त्यात आली.

आता वही घ्या आणि घरातून एक फेरी मारा. टाकीचं झाकण, बाल्कनीचे हललेले गज, सोललेली वायर, जिन्यातला गेलेला दिवा, गॅसची जुनी नळी, गावच्या घराचा उघडा आड. आज्ञा पाळायला जी वस्तू लागते ती या यादीत सापडेल. हे सगळं शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत लिहून घ्या, शब्बाथला लेखन करायचं नसतं.

अवघड वचन वगळू नका

याच पराशेत हट्टी, बंडखोर मुलाला दगडमाराची शिक्षा आहे (२१:१८-२१). पान उलटण्याआधी तालमूदच्या सान्हेद्रिन या भागाचं ७१वं पान वाचा. तिथे एक मत असं की असा मुलगा कधी झाला नाही आणि कधी होणार नाही, वचन लिहिलंय ते अभ्यासासाठी. दुसऱ्या एका रब्बींनी हे अमान्यही केलंय. एकट्याने अर्थ लावू नका, इतकंच इथे पुरे.

कामाला दिवस नेमून द्या

'मी जास्त प्रामाणिक होईन' असा संकल्प सोडा. काय, कोणासाठी आणि कोणत्या वारी, हे ठरवा. २४:१४-१५ पाहा. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, तिच्यावर सूर्य मावळू देऊ नकोस, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. तालमूद इथे विचारतो (बाबा मेत्सिया ११२), हा माणूस शिडी चढला, झाडाला लटकला, मरणाच्या तोंडी गेला, ते कशासाठी? मजुरीसाठीच ना?

कायद्याचं काटेकोर बोलायचं तर मजुराने पैसे मागितल्यावरच उशिराचा दोष लागतो. या सवलतीचा आधार घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं. घरकामाच्या मावशींना दर महिन्याला 'ताई, पगाराचं बघा ना' असं म्हणावं लागत असेल, तर त्या घरात ही पराशा अजून वाचली गेलेली नाही. प्लंबर, रंगारी, वॉचमन, क्लासच्या बाई, ज्यांचे ज्यांचे पैसे राहिलेत ते सगळे लिहून काढा. शब्बाथला पैशांना हात लावायचा नसतो, म्हणून शुक्रवारी दुपारपर्यंत देऊन टाका. मागण्याची वाट पाहू नका.

शुक्रवारी जेवताना सांगा

किद्दूश (शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना) झाला, मनुकांचं शरबत सगळ्यांनी घेतलं, की निवडलेलं वचन पाच मिनिटांत सांगा. लहान मुलं असतील तर प्रवचन नको, कोडं घाला. २२:१-३ मध्ये हरवलेलं जनावर, वस्त्र परत करायला सांगितलंय, आणि दुर्लक्ष करायची मुभा नाही. मग रस्त्यात सुटी नाणी विखुरलेली सापडली तर? आणि पैशांसकट पाकीट सापडलं तर? मिश्ना या तालमूदच्या मूळ नियमसंग्रहाप्रमाणे विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची. पाकिटातले पैसे मात्र जाहीर करावे लागतात, कारण ते ओळखता येतात. मुलं यावर तासभर भांडतात. त्यांना भांडू द्या, तोही अभ्यासच आहे.

आणि गोष्ट सांगायची असेल तर तालमूदमधल्या हानिना बेन दोसा या रब्बीची सांगा. कोणी वाटसरू त्याच्या दाराशी कोंबड्या विसरून गेला. अंडी खायची नाहीत, असं त्याने घरात बजावलं. कोंबड्या वाढल्या, त्या विकून त्याने शेळ्या घेतल्या. पुढे तो वाटसरू परत आला, त्याने खूण पटवली आणि शेळ्या घेऊन गेला.

शनिवारी ऐका

सेफेर तोराहमध्ये, म्हणजे सिनेगॉगमधल्या तोराहच्या हस्तलिखित गुंडाळीत, स्वरचिन्हं नसतात आणि सुराच्या खुणाही नसतात. वाचणारा तयारी करून येतो आणि चुकला तर मंडळी तिथेच सुधारतात. म्हणून हातात हुमाश ठेवा आणि बोट ठेवून ऐका. आठवडाभर धरलेलं वचन आलं की ते ओळखू येतंच. कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमणं आता कठीण झालंय, आणि त्याविना सेफेर तोराहचं वाचन होत नाही. तसं असेल तर घरीच हुमाशमधून पराशा वाचा, पण मोठ्याने, सगळ्यांना बसवून.

त्याच दुपारी मिन्हाच्या प्रार्थनेला पुढच्या पराशेची, 'कि तावो'ची सुरुवात वाचतात. पहिल्या पिकाची टोपली घेऊन जेरुसलेमच्या मंदिरात जाणाऱ्या शेतकऱ्याचा तो भाग आहे. नवं वचन निवडण्याआधी रविवारी जुनी यादी काढा. टाकीचं झाकण अजून बसवलेलं नसेल, तर आधी ते बसवा.