माण-खटावातल्या मुलांना पीएचडीपर्यंत कसं न्यावं

बीएस्सीच्या मुलीला पुढं काय करणार म्हणून विचारलं, की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात बहुधा दोनच उत्तरं येतात: बीएड, नाहीतर स्पर्धा परीक्षा. संशोधन करणारं माणूस तिनं घरात, भावकीत कधी पाहिलेलंच नसतं. तुम्ही तिचे शिक्षक असा, चुलते असा की शेजारी, खालची कामं तुम्हाला जमण्यासारखी आहेत.

आधी तिच्या घरी जाऊन बसा. "अजून किती वर्षं शिकवायची?" हा प्रश्न येणारच. कागदावर आकडे लिहून दाखवा. विज्ञानाच्या सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्याला दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती मिळाली, की पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढं ४२,०००. ती हुकली तरी अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आकडा कळला की घरातलं बोलणं बदलतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसऱ्या वर्षातच तिला खऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने पाठवायची तयारी करा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत करायचा असतो. त्यात आपल्याला काय करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं, आणि आपली मुलं अडतात ती इथंच. माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, "माझी परिस्थिती बेताची आहे, कृपया संधी द्यावी." मी ते वाक्य खोडायला लावलं आणि तिची जर्नल, म्हणजे प्रयोगवही उघडली. वस्तीवरच्या सात विहिरींच्या पाण्याचा जडपणा तिनं ईडीटीए टायट्रेशननं, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं ईडीटीएचं द्रावण घालून मोजला होता. लालसर रंग निळा व्हायला मे महिन्यात ब्युरेटमधलं (मापाच्या काचनळीतलं) किती जास्त द्रावण लागलं, ते सगळं नोंदवलेलं. उन्हाळ्यात असं का होतं, हा तिचा स्वतःचा प्रश्न होता. तोच अर्जात लिहिला. निवड झाली.

दाखले जूनमध्येच काढून ठेवा. राज्यात एनटी-सी (भटक्या जमातींचा क गट) असलेला धनगर समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत येतो, त्यामुळं केंद्रीय परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, तोही चालू वर्षाचा. बाप मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडला, की सहीवाचून कागद अडतो. फॉर्मची तारीख कुणासाठी थांबत नाही.

मग जॅम, म्हणजे बीएस्सीनंतरची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. आयआयटीतल्या एमएस्सीची आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीतल्या इंटिग्रेटेड पीएचडीची वाट या परीक्षेतून जाते. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना फी कमी असते. जुने पेपर फुकट मिळतात. क्लास परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून रोज एक पेपर सोडवावा. कराडच्या किंवा सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी हेच काम गेट ही परीक्षा करते.

प्रवेश मिळाला की सत्कार होतो, हार पडतात, आणि तिथंच आपण हात सोडतो. खरी कसोटी पहिल्या सत्रात असते. सगळं इंग्रजीत, शेजारी शहरातली मुलं, पहिल्या चाचणीत आयुष्यात कधी न पडलेले मार्क. विहिरींचं पाणी मोजणाऱ्या त्याच मुलीचा रात्री साडेदहाला फोन आला, "सर, मी परत येते." समजुतीचं मी पुष्कळ बोललो, पण उपयोग झाला तो पलूसच्या एका मुलाचा. तो तिथं दोन वर्षं पुढं होता. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये भेटला, तिची वही मागितली आणि महिनाभर रोज संध्याकाळी तिच्यासोबत क्वांटमची गणितं करत बसला.

असा एक नंबर मुलगी एसटीत बसण्याआधीच तिच्या फोनमध्ये घालून द्या. मी तो फोन येईपर्यंत थांबलो होतो.