गडग्याचा तांबडा, खाचराचा हिरवा: रंगशास्त्राची सुरुवात

पावसाळ्यात कोकणातील विद्यार्थी निसर्गचित्र रंगवायला बसतात, तेव्हा बहुतेकांच्या कागदावर भाताचे खाचर, आंब्याची बाग आणि मागचा डोंगर हे तिन्ही एकाच हिरव्या रंगात उतरतात, कारण तो हिरवा थेट ट्यूबमधून आलेला असतो. रंगशास्त्राची सुरुवात रंगचक्र (रंगांची क्रमाने गोलात केलेली मांडणी) पाठ करण्यापेक्षा या हिरव्यापासून करावी, असे माझे मत आहे. त्यासाठी पहिला महिनाभर तयार हिरवा रंग पेटीबाहेर ठेवावा आणि लेमन यलो व गॅम्बोज हे पिवळे, क्रिमसन हा तांबडा, अल्ट्रामरीन व प्रशियन ब्लू हे निळे आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्याच जलरंगांवर काम करावे.

तांबडा, पिवळा आणि निळा हे रंगकामातील प्राथमिक रंग असून त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा व जांभळा हे दुय्यम रंग मिळतात, हे शाळेत शिकवले जाते. (मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवा व निळा हे प्राथमिक ठरतात, कारण तेथे रंगद्रव्ये नव्हे तर प्रकाश मिसळतो, हे दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत.) मात्र ट्यूबमधला कोणताही रंग काटेकोरपणे प्राथमिक नसतो, तो शेजारच्या रंगाकडे थोडा झुकलेला असतो, ही गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू हे दोन्ही हिरव्याकडे झुकतात. गॅम्बोज नारिंगीकडे, तर अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो.

आता दोन पिवळे आणि दोन निळे यांच्या चार जोड्या करून प्रत्येक जोडीची पाच चौकोनांची पट्टी रंगवावी. पहिल्या चौकोनात बहुतांश पिवळा ठेवून पुढे थोडाथोडा निळा वाढवीत जावा. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू यांतून नुकत्याच उगवलेल्या तरव्याचा (भाताच्या रोपांचा) लखलखीत हिरवा मिळतो, तर गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन यांतून आंब्याच्या जून पानांचा मंद हिरवा. दुसऱ्या जोडीतील दोन्ही रंगांत तांबड्याचा अंश असल्याने तिन्ही प्राथमिक रंग एकत्र येतात आणि मिश्रणाची तीव्रता, म्हणजे भडकपणा, उतरते. ‘रंग मळला’ अशी तक्रार आपण करतो तिचे एक मोठे कारण हेच आहे. पण जून पाने रंगवताना हा मळकेपणाच हवा असतो.

रंगाला छटा (तो तांबडा, हिरवा की निळा) आणि तीव्रता यांबरोबर उजळपणाही (तो किती फिका वा गडद) असतो, आणि नवशिक्यांची चित्रे सपाट दिसतात ती बहुधा उजळपणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. ते तपासण्यासाठी डोळे किलकिले करून दृश्य पाहावे, अथवा मोबाइलवर चित्राचे कृष्णधवल छायाचित्र काढावे. खाचर आणि बाग त्यात सारखीच करडी दिसली, तर छटा कितीही बदलून उपयोग होणार नाही. जलरंग उजळ करायचा तो पाणी वाढवून. गडद करण्यासाठी काळा घेण्याऐवजी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळावा, म्हणजे सावली जिवंत राहते.

रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, म्हणजे तांबडा-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी, मिसळले असता एकमेकांना मंद करतात आणि शेजारी ठेवले असता एकमेकांना उठाव देतात. भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळ्या धाग्याचा रंग फिका दिसतो अशा तक्रारी आल्या होत्या. दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे, हे त्यांना आढळले आणि 1839 साली त्यांनी या परिणामावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्याचा पुरावा दाराशीच आहे. जांभ्या चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) उन्हाळ्यात वाळक्या गवताशेजारी तपकिरी दिसतो, आणि आषाढात तोच हिरव्या खाचराला लागून तांबडाभडक भासतो. चिरा ओला होऊन गडद झालेला असतो हे खरे, पण उरलेले काम शेजारचा हिरवा करतो. म्हणून गडगा रंगवताना तांबड्याचा मारा करू नये, बर्न्ट सिएना पुरेसा आहे. उलट डोंगराचा हिरवा डोळ्यांत खुपत असेल, तर त्यात थेंबभर क्रिमसन मिसळावा.

दूरच्या सह्याद्रीसाठी तीव्रता कमी करून निळसर, फिकट छटा घ्यावी, कारण मधली हवा निळा प्रकाश अधिक विखुरते आणि दूरच्या सावल्यांवर त्याचा पडदा येतो. नारिंगी-तांबड्यासारखे उष्ण रंग पुढे आल्यासारखे वाटतात आणि निळ्यासारखे शीत रंग मागे सरकतात, त्यामुळे पुढचा गडगा आणि मागचा डोंगर यांतील अंतर आपोआप दिसू लागते.

मिश्रणे शक्यतो दिवसा, पडवीत बसून करावीत. दिव्याच्या उजेडात निवडलेला हिरवा सकाळी वेगळा दिसतो. जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि जुलैच्या दमट हवेत कागद वाळायला फार वेळ घेतो, तेव्हा ओल्या पट्टीवरून निर्णय घेऊ नये. पट्टी पूर्ण वाळल्यावर तिच्या मागे दोन्ही रंगांची नावे पेन्सिलीने लिहावीत आणि पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, नाहीतर गणपती येईपर्यंत त्यांना बुरशी लागते.