ड्युअल झिऑन बोर्डाला पॉवर सप्लाय: आधी पिना, मग वॅट

‘किती वॅटचा घेऊ?’ हा दुसरा प्रश्न. जुना ड्युअल झिऑन बोर्ड, म्हणजे इंटेलचे दोन सर्व्हर प्रोसेसर घेणारा मदरबोर्ड, हाती आला की आधी त्यावरची पॉवरची सॉकेटं बघा. वॅट भरपूर असूनही केबल बसली नाही, तर सप्लाय नुसता पडून राहतो.

ई५-२६८० व्ही४ या झिऑन मॉडेलचे दोन प्रोसेसर घेणारा एटीएक्स (साध्या पीसीच्या प्रमाणित) पद्धतीचा बोर्ड धरू. त्याला एक २४ पिनी आणि दोन ८ पिनी ईपीएस (प्रोसेसरला वीज देणाऱ्या) केबल लागतात. ५००-५५० वॅटच्या कित्येक सप्लायना ईपीएस एकच असते. दुसरी साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, तारेवर अ‍ॅडॅप्टर लावून काढू नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टला जेमतेम ४.५ अँपिअरसाठी बनलेला, आणि १२० वॅटचा एकटा प्रोसेसर १० अँपिअर ओढतो. प्लास्टिक वितळतं.

ग्राफिक्स कार्डाची ८ पिनी केबलही दिसायला तशीच, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा नेमक्या उलट. ४+४ अशी फुटणारी केबल प्रोसेसरची, ६+२ फुटणारी कार्डाची. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची केबल हातात आहे. मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) सप्लायला दुसऱ्या मॉडेलची केबल तर कधीच लावू नये; सप्लायकडच्या टोकाच्या पिनांना सर्वमान्य क्रम नाही, आणि डिस्क जळतात त्या इथेच. डेल, एचपीच्या सर्व्हरमधून काढलेल्या बोर्डांची सॉकेटं बहुधा त्यांची स्वतःचीच असतात. तिथे पिनांचा नकाशा मिळाल्याशिवाय काही जोडू नका.

आता वॅट. प्रोसेसर २४०, आठ रॅम मॉड्यूल साधारण ३५, पंखे, कार्ड आणि बोर्ड मिळून ७५. आठ साडेतीन इंची डिस्क चालताना ६५ वॅटच्या आसपास घेतात, पण फिरायला सुरुवात करताना प्रत्येकी १२ व्होल्टला जवळपास २ अँपिअर, म्हणजे एकूण २०० च्या घरात. हे २०० धरून बेरीज ५५०. ६५० ते ७५० वॅटचा चांगला सप्लाय पुरे. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर ते वाचा: ५० च्या वर हवेत. त्याच लेबलवर ५ व्होल्ट स्टँडबायला किमान २.५ अँपिअर बघा. मशीन बंद असतानाही बीएमसी, म्हणजे बोर्डावर दुरून नजर ठेवू देणारी चिप, त्यावरच जगतो. तो पुरवठा कमजोर पडला की आयपीएमआय (त्या चिपशी नेटवर्कवरून बोलायची सोय) मधूनच गायब होतं आणि दोष बिचाऱ्या नेटवर्कला लागतो.

बोर्डाला जोडण्याआधी सप्लायला एखादा पंखा लावा, २४ पिनीमधली १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला जोडा आणि मल्टिमीटर धरा. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये यायला हवेत.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. चौकोनी वेव्हवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) सप्लाय वीज गेल्याच्या क्षणीच बंद पडू शकतात.