लष्करी धाटणीची शिबिरे घेताय? या चुका टाळा

मे महिना आला की गावोगावी 'सैनिकी शिबिर', 'कमांडो कॅम्प' असे फलक लागतात. हल्ली कंपन्याही आपल्या लोकांना अशा शिबिरांना पाठवतात. कल्पना चांगलीच आहे. एनसीसी १९४८ पासून हेच करत आली आहे, आणि कितीतरी मुलामुलींना घराबाहेर राहायची, चारचौघांत उभे राहून बोलायची सवय तिच्यामुळेच लागली. पण लष्कराकडून नेमके काय घ्यायचे, इथे बहुतेकांची गल्लत होते. गणवेश, शिट्टी आणि आरडाओरडा तेवढा उचलला जातो. माणूस घडवण्याची पद्धत तिथेच राहून जाते.

शिक्षेचा रगडा म्हणजेच प्रशिक्षण समजणे

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका महाविद्यालयातला व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. भर पावसात चिखलात ओणवी झालेली एनसीसीची मुले, आणि त्यांना काठीने मारणारा एक सीनियर. यालाही 'शिस्त' म्हणणारे लोक भेटले, त्याचे मला अधिक वाईट वाटले. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, कॅडेट तीन वर्षे असतो. तिथली मेहनत टप्प्याटप्प्याने वाढते, सोबत प्रशिक्षक आणि डॉक्टर असतात. आठवड्याभराच्या शिबिरात त्यातली फक्त शिक्षा उचलली, तर मूल एवढेच शिकते की ज्याच्या हातात काठी, तो मोठा.

शिक्षा म्हणून पुशअप्स आणि बेडूकउड्या सरळ बंद करा. तुकडी फॉलिनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, उशिरा आली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शिबिराला उठवायची जबाबदारी तिच्याकडे द्या. आणि सीनियर मुलांना शिक्षेचा अधिकार कधीही देऊ नका.

पहिल्याच दिवशी दमवणे

उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. एसीत बसणाऱ्या माणसाला किंवा सुट्टीत घरी बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मेच्या उन्हात पाच किलोमीटर पळवणे धोक्याचे आहे. धावणे सकाळी लवकर उरका, अंतर हळूहळू वाढवा, पाणी प्यायला परवानगी मागावी लागू नये.

पळता पळता कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो नाटक करतोय असे समजू नका; तो उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत घ्या, घट्ट कपडे काढा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही पाजू नका. अंग गार करण्याचे काम रुग्णवाहिका येईपर्यंत चालूच ठेवा. दुसरी खूण दुसऱ्या दिवशी दिसते: स्नायू खूप दुखतात आणि लघवी चहासारखी गडद होते. अतिश्रमाने स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते. गोळी देऊन झोपवू नका, थेट दवाखान्यात न्या.

मोठ्या आवाजाच्या मुलालाच नेता करणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होते. उंच, खणखणीत आवाजाचा मुलगा पहिल्या दिवशी कॅप्टन होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. बाकीचे फक्त त्याच्यामागे चालतात. सैन्यासाठी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबी मंडळाची रीत पाहा. तिथे मैदानावर फट्टा (फळी), बल्ली (लाकडी वासा) आणि रस्सी घेऊन अडथळे पार करायचे असतात. सुरुवातीच्या गटकार्यात कुणीच नेता नसतो. पुढे कमांड टास्कमध्ये मात्र प्रत्येकाला एकदा कमांडर व्हावेच लागते. तो दोन साथीदार बोलावतो आणि काम पार पाडतो.

शाळेच्या मैदानावर हे सहज जमते. चुन्याच्या दोन रेघा मारा, मधली जमीन 'नदी' समजा. दोन फळ्या, एक बांबू, एक दोरी आणि 'ओझे' म्हणून पाण्याचा कॅन द्या. नदीत ठेवलेल्या लाल विटांना कुणाचा पाय किंवा फळी लागता कामा नये. मग सगळ्यांत गप्प मुलीला कमांडर करा आणि प्रशिक्षकाने तोंड बंद ठेवावे. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडणार नाही. तिथे मदतीला धावू नका. ती कुणाला तरी "तू दोरी धर" म्हणेल, तेच तिचे पहिले नेतृत्व.

मुलींना नोंदणी आणि प्रथमोपचाराच्या टेबलावर बसवण्याची सवयही सोडा. मे २०२५ मध्ये एनडीएतून महिला कॅडेटची पहिली तुकडी मुलांच्या बरोबरीने बाहेर पडली आहे.

काम झाले की टाळ्या आणि जेवण

लष्करी सरावानंतर उजळणी होते. काय करायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, असे का झाले, पुढच्या वेळी काय बदलू? गोल बसून, गणवेशावरचे बिल्ले विसरून, दहा मिनिटे. 'चूक कुणाची' हा प्रश्न आला की मुले गप्प होतात, म्हणून तो येऊ देऊ नका. वेळ कमी असेल तर एक खेळ गाळा, उजळणी गाळू नका.

कॅप्टनला आधी वाढणे

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांचे १९३२ चे वचन आजही शिकवले जाते: देश आधी, मग तुमच्या हाताखालची माणसे, तुमची स्वतःची सोय सगळ्यांत शेवटी. शिबिरात तुकडीप्रमुख शेवटी जेवेल, एवढा नियम करा. संयोजकही त्याच रांगेत उभे राहू देत.

रडणाऱ्याला 'कणखर हो' म्हणणे

पहिल्या रात्री कुणीतरी रडतेच. सैन्यात प्रत्येकाला एक 'बडी' असतो, ती पद्धत इथे उपयोगी पडते. पहिल्याच तासाला जोड्या लावा: पाण्याची बाटली भरलीय का, पायाला फोड आलाय का, झोप लागली का, हे एकमेकांनी बघायचे. तरीही रडणे थांबत नसेल, तर घरी फोन लावून द्या, संकोच करू नका.

पालकांनी पैसे भरण्याआधी एवढे विचारावे: प्रथमोपचार येणारा माणूस पूर्णवेळ हजर आहे का, जवळचे रुग्णालय किती दूर, दोरी आणि पाण्याच्या खेळांवर कोण लक्ष ठेवते, शिक्षेचे नियम लेखी आहेत का, आणि मुलाला हवे तेव्हा घरी फोन करता येईल का. उत्तर देताना संयोजक चिडले, तर दुसरे शिबिर शोधा.