राजघराण्यातली ख्रिस्ती प्रेमकथा लिहिताना

मी आधी त्या देशाचा कायदा वाचते. डेन्मार्कच्या राजाला लुथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचा, असावंच लागतं. ब्रिटनमध्ये २०१५पासून वारसाने कॅथलिक मुलीशी लग्न केलं तरी त्याचा हक्क जात नाही. कॅथलिक व्यक्ती मात्र गादीवर बसू शकत नाही. कथेतला खरा पेच इथेच आहे. नायिका कॅथलिक असेल, तर बाळाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये, हा वाद साखरपुड्याआधीच होऊ द्या.

प्रार्थनेचा प्रसंग भव्य कॅथेड्रलमध्ये नको. माझी नायिका राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी, नळ तसाच चालू ठेवून पुटपुटते. राजपुत्र दारात थबकतो. त्याला तिथेच उभा ठेवा. देवाने लगेच उत्तर दिलं, तर प्रेमही खोटं वाटू लागतं. मुकुट, मेजवान्या दोन ओळींत उरका.